फुकटाचे कोठार आणि ‘इतर कार्यकर्ते’

आपल्या चळवळीच्या कोणत्याही जुन्या कार्यालयात गेले, की भिंतीवर चार-दोन काळी-पांढरी छायाचित्रे टांगलेली दिसतात. कोठे आणीबाणीनंतरच्या सभेचे, कोठे १९८२ सालच्या गिरणी संपातील मोर्चाचे. काच धुरकटलेली असते, चौकटीला वाळवी लागलेली असते. परंतु चित्र दिसते, आणि ते पाहण्यासाठी कोणाची परवानगी काढावी लागत नाही. त्याच कार्यालयातील तरुण साथीला विचारावे, की २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनाच्या पाठिंब्यासाठी आपण जे धरणे धरले, त्याची छायाचित्रे कोठे आहेत? तो खिशातला मोबाइल काढतो, दहा मिनिटे त्यावर बोट फिरवीत राहतो आणि शेवटी म्हणतो, “क्लाउडवर असतील.” या ‘असतील’बद्दल मला लिहायचे आहे.

क्लाउड म्हणजे ढग हे नाव मोठ्या चतुराईने दिलेले आहे. ढग कोणाच्या मालकीचा नसतो, तो सर्वांवर सारखाच बरसतो, असा भास त्यातून होतो. प्रत्यक्षात तो ढग म्हणजे एखाद्या बलाढ्य कंपनीच्या वातानुकूलित कोठारातील संगणक होय. मे २०१५ मध्ये गूगल कंपनीने आपली छायाचित्रांची सेवा सुरू केली, तेव्हा किंचित कमी प्रतीची छायाचित्रे अमर्याद संख्येने, विनामूल्य ठेवून घेण्याचे आश्वासन दिले होते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर २०२० मध्ये, याच कंपनीने जाहीर केले, की आपल्या कोठारात ४ लाख कोटी छायाचित्रे जमा झाली असून दर आठवड्याला आणखी २,८०० कोटी छायाचित्रे व चित्रफिती येत आहेत. त्याच घोषणेत पुढचे वाक्य होते: १ जून २०२१ पासून अमर्याद फुकट साठवण बंद, टपाल, कागदपत्रे आणि छायाचित्रे मिळून १५ जीबीपर्यंत फुकट, पुढे भाडे. एक छायाचित्र तीन-चार एमबीचे धरले, तर इतर काहीही न ठेवता या जागेत चार-पाच हजार छायाचित्रे मावतात. एका लग्नाच्या हंगामात ती भरून जाते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटण्याचे कारण नाही. प्रथम किंमत शून्यावर आणायची, स्पर्धकांना उखडायचे, ग्राहकाची सवय पक्की होऊ द्यायची, आणि त्याला माल हलविणे अशक्यप्राय झाले की मग खंड आकारायचा. जमीनदार निदान जमीन तरी स्वतःची देत असे. येथे माल आपला, आठवण आपली, कष्ट आपले, आणि खंडही आपणच भरायचा! १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून खतपत्रे बाहेर काढून जाळली. अक्षरशत्रू असलेल्या त्या माणसांना एक गोष्ट नेमकी कळली होती, की कागद ज्याच्या पेटीत, सत्ता त्याच्या हातात. पदवीधर कार्यकर्त्यांना ती का कळू नये?

ही एकट्या गूगलची कथा नव्हे. फ्लिकर या संकेतस्थळाने २०१३ साली प्रत्येकाला एक टीबी जागा फुकट दिली. मालक बदलल्यावर, २०१८ च्या नोव्हेंबरात, फुकट खात्यावर एक हजारांपेक्षा अधिक छायाचित्रे ठेवता येणार नाहीत, उरलेली पुसली जातील, असे कळविले. कोडॅक तर छायाचित्रणाचा जणू पर्यायशब्द. ती कंपनी जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीच्या न्यायालयात गेली आणि त्याच वर्षी तिचे छायाचित्रांचे कोठारही बंद होऊन ग्राहकांची चित्रे दुसऱ्या कंपनीकडे सोपविली गेली. तत्पूर्वी कोणी ग्राहकाचे मत घेतले होते काय? मायस्पेसने २०१९ साली मान्य केले, की एका संगणकावरून दुसऱ्यावर हलविताना २०१५ पर्यंत लोकांनी ठेवलेली गाणी, छायाचित्रे व चित्रफिती नष्ट झाल्या असाव्यात. विषय तेथेच संपला.

यावर एक आक्षेप येईल आणि तो टाकाऊ नाही. कंपन्यांची कोठारे आपल्या कपाटांपेक्षा शतपटीने सुरक्षित असतात, हे खरेच आहे. १९६१ च्या पानशेतच्या पुरात, २६ जुलै २००५ च्या मुंबईत, २०१९ साली सांगली-कोल्हापुरात किती घरांतील अल्बम चिखलात गेले, याची मोजदाद कोण करणार? म्हणून क्लाउडवर बहिष्कार घालावा, असे मी म्हणत नाही. तेथे एक प्रत जरूर असावी. एकमेव प्रत तेथे असता कामा नये, एवढाच माझा आग्रह आहे. कारण पूर सर्वांना सारखा बुडवतो, कंपनी मात्र निवडून दार लावू शकते. २०२२ साली अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील एका पित्याची हकिकत प्रसिद्ध झाली. त्याने आजारी मुलाची छायाचित्रे डॉक्टरला दाखविण्यासाठी काढली. यंत्राने ती अश्लील ठरविली, खाते बंद झाले. पोलिसांनी त्याला निर्दोष ठरविले, तरी कंपनीने त्याची वर्षानुवर्षांची चित्रे व टपाल परत दिले नाही. ज्या न्यायासनापुढे अपील नाही, त्याच्या आवारात आपण आपली बालके, आपले मृत आणि आपले मोर्चे ठेवीत आहोत.

मृतांचा प्रश्न विशेष गंभीर आहे. गूगलच्या नियमानुसार दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत खाते पुसले जाऊ शकते. डिसेंबर २०२३ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एखादा ज्येष्ठ साथी जातो. त्याच्या मोबाइलची किल्ली कोणाला ठाऊक नसते. शोकसभा होते, स्मृतिग्रंथाची समिती नेमली जाते, आणि समितीची तिसरी बैठक होईपर्यंत ज्या छायाचित्रांसाठी समिती नेमली, ती पुसली गेलेली असतात. (आपल्या समित्यांचा वेग ज्यांना माहीत आहे, त्यांना ही अतिशयोक्ती वाटणार नाही.)

दुसरा भ्रम तांत्रिक आहे. मोबाइल आणि क्लाउड यांची जोडणी म्हणजे सुरक्षित प्रत, असे बहुतेकांना वाटते. ते आरशासारखे आहे: मोबाइलवर चित्र पुसले, की तिकडेही पुसले जाते आणि टोपलीतले ६० दिवस उलटल्यावर परत मिळत नाही. व्हॉट्सॲपच्या गटात टाकलेले छायाचित्र जपले गेले, हा तिसरा भ्रम. तेथे चित्र आकुंचित होते, आणि ते केव्हा, कोठे काढले याची कॅमेऱ्याने आत लिहिलेली नोंद गळून पडते. राहते ती पाठविल्याची तारीख. पुढे इतिहासकाराने त्या तारखेवर विसंबून मोर्चा तीन दिवस उशिरा निघाल्याचे लिहिले, तर दोष कोणाचा? मूळ चित्र पाठवायचे असेल, तर ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे.

परंतु सर्वांत मोठा दोष कंपन्यांचा नाही, आपला आहे. जुन्या अंकांतील छायाचित्रांखालच्या ओळी वाचा. मध्यभागी पुढारी, त्यांचे नाव ठळक; शेजारच्या दोघांची नावे; आणि पुढे ‘इतर कार्यकर्ते’. डावीकडून तिसरी, कडेवर मूल आणि हातात झेंडा घेतलेली बाई कोण, हे समतेची घोषणा देणाऱ्या आपल्या पत्रानेही लिहिले नाही. आज तर तेवढी ओळही उरलेली नाही. हजारो चित्रे आहेत, त्यांत सुप्रभातीच्या फुलांची आणि एकाच व्यासपीठाची एकवीस, पण नाव कशावरही नाही. विपर्यास पाहा: चेहऱ्यांची वर्गवारी करणाऱ्या कंपनीच्या यंत्राला त्या बाईचा चेहरा ओळखता येतो, ज्या पक्षासाठी ती उन्हात चालली, त्याच्या दप्तरात तिचे नाव नाही.

येथे सावधगिरी मात्र हवी. चेहरे ओळखणारी यंत्रे सरकारकडेही आहेत. दिल्लीतील दंगलीत सामील असलेल्यांना ओळखण्यासाठी अशी प्रणाली वापरल्याचे केंद्रीय गृहमंत्र्यांनी मार्च २०२० मध्ये संसदेतच सांगितले. तेव्हा नावे लिहावीत, पण ती चव्हाट्यावर टांगू नयेत. नावांची वही वेगळी असावी, इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर असावी. आणि बाहेर पाठविण्याच्या चित्रातून ठिकाणाची नोंद काढून टाकावी.

उपाय काय? अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला नियम साधा आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. आपल्या भाषेत सांगायचे, तर एक कार्यालयातील संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावच्या साथीच्या घरी, आणि तिसरी, हवी तर, क्लाउडवर. पेन ड्राइव्हवर कायमचा भरवसा ठेवू नये. वर्षानुवर्षे वीज न मिळाल्यास त्यातील मजकूर उडू शकतो. हार्ड डिस्कही अमर नाही. वर्षातून एकदा ती उघडून दहा-वीस चित्रे पाहावीत, पाच वर्षांनी नवी घ्यावी. एका सभेच्या फ्लेक्स फलकांवर जो पैसा उधळला जातो, त्याहून हा खर्च अधिक नाही.

मांडणीसाठी महागडी प्रणाली लागत नाही. वर्षाचे एक फोल्डर, आत घटनेचे. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव: ‘२०२४-०३-२० महाड’. म्हणजे संगणक आपोआप कालक्रम लावतो. प्रत्येक घटनेची वीस-पंचवीस चित्रे ठेवावीत, बाकीची निर्दयपणे काढावीत. निवड न करणे हा आळस आहे, त्याला इतिहासप्रेम म्हणू नये. सोबत साध्या मजकुराची एक फाइल: कोण, कोठे, कशासाठी, चित्र कोणी काढले. ही फाइल त्याच आठवड्यात लिहावी. सहा महिन्यांनी डावीकडून तिसरी कोण, हे कोणालाच आठवत नाही.

“चळवळीला वेळ पुरत नाही, तेथे फोटो कोण लावीत बसणार?” असे काही साथी म्हणतील. त्यांनी रोजगार हमीच्या मजुरांना विचारावे. १ जानेवारी २०२३ पासून त्या कामांवर मोबाइलमधून दिवसाला दोनदा छायाचित्र घेऊन हजेरी लावण्याची सक्ती झाली, आणि चित्र चढले नाही म्हणून मजुरी बुडाल्याच्या तक्रारी राज्याराज्यांतून आल्या. शासनाने छायाचित्राला पुरावा मानले. परंतु त्या पुराव्याची प्रत मजुराच्या हाती राहिली नाही. त्याच कामावर त्याच दिवशी काढलेले, तारीख आणि नावांसह जपलेले आपले चित्र असते, तर तहसीलदारासमोर बोलण्याची भाषा वेगळी झाली असती.

जिल्हा कार्यकारिणीच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा आणि दोन माणसे नेमावीत: संगणक जाणणारा एक तरुण, आणि चेहरे ओळखणारी एक वृद्ध कार्यकर्ती. भिंतीवरची जुनी चित्रे प्रथम उतरवून स्कॅन करावीत. मूळ प्रती फेकू नयेत. सुरुवात त्यांच्यापासून एवढ्याचसाठी, की त्यांतील ‘इतर कार्यकर्त्यां’ची नावे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत.