टिंबाची किंमत

सुरत म्हटलं की आम्हां गोंयकारांना हिरे आणि साड्याच आठवतात. पण जवळच्याच हजिऱ्याला एल अँड टीच्या कारखान्यातून फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी के-९ वज्र तोफ सैन्याकडे गेली. असल्या कामाला यंत्राचे हुकूम लिहिणारा प्रोग्रामर लागतो. मी कला शाखेचा, मला त्याची भाषाच आवडते. जी०० म्हणजे मोकळी धाव, जी०१ म्हणजे सरळ कापत जा. कित्येक यंत्रांत १० च्या पुढचं टिंब राहिलं तर दहा मिलिमीटरचे दहा मायक्रॉन होतात! आमच्या कचेरीत अनुस्वार गळला तर शुद्धिपत्रक निघतं. तिथे चुकीचं कापलेलं पोलाद परत जुळत नाही. तरी लग्नाच्या बाजारात कारकून 'स्थिर' आणि हा नुसता 'कारखान्यातला'. आयटीआयचा अर्ज भरणाऱ्या पोराला 'सरकारी काय मिळतं ते बघ रे' म्हणणारेही आम्हीच.