पहिल्या शुक्रवारचा निकाल

सिनेमा पहिल्या पंधरा मिनिटांत कळतो, नाही आवडला तर नाही आवडला, एकदा बनलेलं मत बदलायचं कशाला, हा सिद्धांत सिन्नरच्या चहाटपरीवर जितका ठामपणे ऐकू येतो तितकाच मुंबई-पुण्याच्या जाणकार मंडळींतही. त्यातल्या त्यात सिन्नरकराची बाजू मला वजनदार वाटते. मल्टिप्लेक्स गाठायचं तर तीसेक किलोमीटरवरचं नाशिक आलं. पेट्रोल, तिकिटं, मध्यंतरातलं खाणं आणि माळेगाव नाहीतर मुसळगावच्या कारखान्यातून मिळालेली एकुलती साप्ताहिक सुट्टी. एवढं खर्चून वर कंटाळा पदरी पडला, तर "तो सिनेमा पुन्हा बघा" असं सांगणाऱ्याला माणूस हाकलूनच देईल.

तरीही हा सिद्धांत चुकीचा आहे. पंधरा मिनिटांत आपल्याला कळते ती आपली अपेक्षा. सिनेमा कळायला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो.

चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'चंच घ्या. व्हेनिसच्या महोत्सवात २०१४ साली त्याचा गौरव झाला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये तो थिएटरांत लागला तेव्हा कितीतरी प्रेक्षक चरफडत बाहेर पडले. कॅमेरा हलत नाही, कुणी ओरडत नाही, सरकारी वकीलबाई कायद्याची कलमं एकसुरात वाचत सुटतात. तक्रार खरीच होती. पण कोर्टाचा सिनेमा म्हणजे काय, हे आपण आधीच ठरवून बसलो होतो. आपल्या डोक्यात होता 'दामिनी', १९९३ चा, तारखांवरून न्यायाधीशासमोर गर्जणारा सनी देओल. 'दामिनी'त तारखांविरुद्ध भाषण होतं. 'कोर्ट'मध्ये भाषण नाही, प्रत्यक्ष तारखा पडतात, आणि आपल्याला त्या बसून काढाव्या लागतात.

गंमत अशी, की हे सिन्नरच्या माणसाला समजावून सांगायची गरजच नसावी. बांधाच्या वादात, वाटणीच्या दाव्यात किंवा समृद्धी महामार्गात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून झालेल्या भाऊबंदकीत ज्याने तालुक्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात दुपारी घालवल्या, त्याला 'कोर्ट'मधला संथपणा ओळखीचा वाटायला हवा. गाणं म्हणून एका सफाई कामगाराला आत्महत्येला प्रवृत्त केलं, या आरोपाखाली वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे आत जातात. वीरा साथीदारांनी ती भूमिका कसलाही आव न आणता केली आहे. न्यायाधीश एका बाईचा खटला केवळ तिने बिनबाह्यांचा पोशाख घातला म्हणून पुढे ढकलतात. सरकारी वकीलबाई लोकलमधून घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. गीतांजली कुलकर्णींनी ही बाई अशी उभी केली आहे की तिचा रागही धड करता येत नाही. हे सगळं पहिल्या वेळीही पडद्यावर होतंच. आपण उलटतपासणीतल्या स्फोटाची वाट पाहत होतो.

शेवटी कोर्टाला सुट्टी लागते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो. इथेच उठून चपला शोधणाऱ्यांनी सिनेमा पुरता पाहिलेलाच नाही. त्यानंतर न्यायाधीश सहलीला जातात, बागेत डुलकी घेतात, पोरं ओरडून त्यांना जागं करतात आणि ते एकाच्या थोबाडीत देतात. कोर्टाच्या चार भिंतींत जे दिसत नव्हतं ते त्या थपडेत दिसतं.

आता यावर प्रतिपक्षाचा सगळ्यात धारदार मुद्दा: पहिल्यांदा कळेल असं सांगणं हे दिग्दर्शकाचं काम, दोनदा पाहावं लागलं तर तो त्याचा पराभव. वरवर बिनतोड. पण मग 'शोले'त न कळण्यासारखं काय होतं? १५ ऑगस्ट १९७५ ला तो लागला आणि सुरुवातीच्या दिवसांत धंद्यातल्या जाणत्यांनी त्याला पडलेला ठरवून टाकलं. पुढे मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षं चालला. सिनेमाचं एक दृश्यही बदललं नव्हतं.

हजारेक वर्षांपूर्वी अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावर लिहिताना रसाच्या आड येणारी सात विघ्नं सांगितली. त्यात प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं हे एक आहे आणि समोरचं घडू शकेल असंच न वाटणं हे दुसरं. यात नाटक वाईट आहे असं तो म्हणत नाही. प्रेक्षकाला त्याच्या सुखदुःखातून बाहेर काढायला गाणं, वाद्यं, सजवलेला मंडप हवा, म्हणजे नाटकवाल्यांवरही तो जबाबदारी टाकतो. रात्रपाळी करून थेट दुपारच्या खेळाला बसलेल्या माणसाचं मत त्याच्या झोपेचं किती आणि सिनेमाचं किती, हा प्रश्न अभिनवगुप्ताला पडला असता. आपल्याला पडत नाही.

दुसरा आक्षेप: लोक पुरस्कार पाहून मत फिरवतात. फिरवतात, नाकारण्यात अर्थ नाही. टीव्हीवर वारंवार आदळूनही मत मऊ होतं. १९९९ ला थिएटरांत फारसा न चाललेला 'सूर्यवंशम' एका वाहिनीने इतक्यांदा दाखवला की तो घरातलाच झाला. ती सवय झाली, मत बदललं असं मी म्हणणार नाही. बदललेलं मत ओळखायची माझी खूण साधी आहे: आधी न दिसलेलं कुठलं दृश्य आता दिसलं, ते सांगता आलं पाहिजे. सांगता आलं नाही तर ते वर्तमानपत्राचं मत समजावं.

ही खूण उलटही चालते. 'माहेरची साडी' १९९१ मध्ये आली तेव्हा बायकांनी थिएटरात पदर ओले केले, आणि ते रडणं खोटं नव्हतं. आज पाहताना मात्र सुनेच्या सोसण्याचा सिनेमाने केलेला गौरव खटकतो. हेही मत बदलणंच, पण ते आवडीकडून नावडीकडे गेलं म्हणून त्याला कुणी ढुलमुल म्हणत नाही.

शिर्डीच्या वाटेवर सिन्नरच्या गोंदेश्वराच्या देवळाला थांबणारे कितीतरी प्रवासी मुख्य देवळासमोर फोटो काढून गाडीत बसतात. चार कोपऱ्यांतली चार छोटी देवळं पाहायची राहतात आणि पंचायतन म्हणजे काय ते कळत नाही. त्यांना सिन्नरकर हसतो. सिनेमाच्या बाबतीत तोच त्या गाडीत बसलेला असतो.

पहिल्या शुक्रवारच्या निकालाने कुणाचं काय बिघडतं, असंही विचारलं जातं. गुरुदत्तचं बिघडलं. 'कागज के फूल' १९५९ मध्ये आपटला आणि त्यानंतर दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव पडद्यावर आलं नाही. तो १९६४ मध्ये गेला. त्या सिनेमाला डोक्यावर घेणारे लोक नंतर आले.

म्हणून प्रत्येक सिनेमा दोनदा पाहा असं मी सांगत नाही. विड्या वळून दिवस काढणाऱ्या बाईला एकदा पाहायलाही सवड नसते, आणि बहुतेक सुमार सिनेमे दुसऱ्यांदाही सुमारच निघतात. निवडायचं तर पहिल्या वेळी राग कशाचा आला ते आठवावं. सिनेमा खोटा बोलतोय असं वाटून आला असेल तर तो राग बहुधा टिकतो, वेळ घालवू नये. हवं ते मिळालं नाही म्हणून आला असेल तर तो सिनेमा परत लावावा. त्यासाठी आता नाशिकला जावं लागत नाही, मोबाइलवरही भागतं.