शेजारी आणि तारीख

जळगावची सिंधी कॉलनी आणि धुळ्याचे कुमारनगर खान्देशात कुणाला सांगावे लागत नाही. फाळणीत सिंध सुटलेली कुटुंबे इथे आली, व्यापारात रुजली. त्यांचे नातेवाईक त्यानंतरही येत राहिले. आपल्यासाठी हे सगळे शेजारीच. कायदा मात्र कोण कधी आले ते विचारतो.

पहिली तारीख १९ जुलै १९४८. तिच्या आधी येऊन इथेच राहिलेल्यांना घटनेने नागरिक मानले, नंतरच्यांना नोंदणी करावी लागली. १९५५ साली नागरिकत्वाचा कायदा झाला. २००३च्या दुरुस्तीने व्हिसा संपूनही राहिलेल्यांना ‘बेकायदा स्थलांतरित’ ठरवून नागरिकत्वाची वाट बंद केली. २०१९ साली तीन शेजारी देशांतल्या सहा धर्मांच्या लोकांसाठी ती उघडली. पण ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्यांपुरतीच. नियम यायला मार्च २०२४ उजाडला. पाकिस्तानात अहमदियांचाही छळ होतो, त्यांना या यादीत जागा नाही. आश्रय देताना छळ पाहावा, धर्म नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्या या सहा धर्मांच्या लोकांना २०१६पासून बँकेत खाते, आधार, राहण्यापुरते घर घेता येते. मत देता येत नाही, भारतीय पासपोर्ट मिळत नाही. त्याच वर्षी देशातल्या सोळा जिल्हाधिकाऱ्यांना नागरिकत्व देण्याचे अधिकार मिळाले. महाराष्ट्रातून मुंबई, ठाणे, पुणे, नागपूर; जळगाव-धुळे नाही. एवढी जुनी वस्ती असताना आपले जिल्हे का सुटले, हे लोकप्रतिनिधींनी तेव्हाच विचारायला हवे होते.

पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले. हिंदूंचे दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले होते, तरी ज्यांच्या हातात फक्त कागद आहे त्यांना त्या दिवसांत झोप कशी लागली असेल? धोरण असेच घडत आले आहे: फाळणी, हल्ला, की मागोमाग नवी तारीख. सप्टेंबर २०२५मध्ये ३१ डिसेंबर २०२४पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या या अल्पसंख्याकांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली, नागरिकत्वाची तारीख मात्र २०१४चीच राहिली. म्हणजे राहा, पण आमचे होऊ नका. हे बरोबर नाही.

२०२४च्या नियमांत अर्जाची छाननी टपाल अधीक्षकांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती करते. तिने जळगाव-धुळ्यात वस्तीवर जाऊन शिबिरे घ्यावीत, प्रत्येक अर्जाची छाननी ठरलेल्या मुदतीत पूर्ण करावी आणि आपल्या खासदारांनी २०१४ची अट संसदेत पुन्हा चर्चेला आणावी.