गुटख्याच्या पुड्यांचा ड्रेस आला कुठून?

सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा लागला की आपल्याकडं 'स्वच्छता ही सेवा'चे फलक झळकतात. दोन ऑक्टोबरपर्यंत तालुक्यातल्या कुठल्या ना कुठल्या शाळेत, कॉलेजात किंवा नगरपंचायतीच्या सभागृहात 'टाकाऊपासून टिकाऊ' फॅशन शो होतोच. स्नेहसंमेलनांचा हंगाम आला की पुन्हा एकदा. वर्तमानपत्राचा घागरा, चिप्सच्या पाकिटांचं जॅकेट, पाण्याच्या बाटल्यांच्या बुडांचा मुकुट, जुन्या सीडींचा कमरपट्टा. डीजेवर गाणं, समोर मोबाईल उंच धरून उभे पालक आणि शेवटी पाहुण्यांच्या हस्ते ट्रॉफी. ट्रॉफीही प्लॅस्टिकचीच असते, पण ते जाऊ द्या.

अशा शोच्या बातम्या आम्हीही देतो. फोटो चांगले येतात आणि लोक आवडीनं बघतात. पण दर वेळी बातमी तिथंच संपते, म्हणून आज थोडं पुढचं बोलू.

मी पाहिलेल्या अशाच एका शोमध्ये कॉलेजातल्या एका मुलीनं गुटखा आणि पानमसाल्याच्या रिकाम्या पुड्या जोडून ड्रेस केला होता. दिव्यांच्या उजेडात तो असा चमकत होता की पहिल्यांदा कुणाच्या लक्षातच आलं नाही कशाचा आहे ते. लक्षात आल्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. निवेदकानं व्यसनमुक्तीवर चार वाक्यं म्हटली आणि पुढचं नाव पुकारलं.

आता जरा विचार करा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शिवाय केंद्राच्या २०१६ च्या प्लॅस्टिक कचरा नियमांनुसार गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत भरून विकायलाच मनाई आहे. म्हणजे कागदावर माल बंद आणि पुडीही बंद. तरी एका मुलीला गुडघ्यापर्यंतचा ड्रेस शिवता येईल एवढ्या पुड्या गावात वेचून मिळाल्या. समोरच्या खुर्च्यांवर सरकारी पाहुणे बसलेले होते. तो ड्रेस म्हणजे चालताबोलता पंचनामा होता. बक्षीस मिळालं, पण कुठून वेचल्या, किती दिवसांत वेचल्या, हे त्या मुलीला कुणी विचारलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. हे शो बंद करू नका. पण ड्रेस नुसता बघू नका, वाचा. गावाच्या कचऱ्याचा एवढा उघड हिशेब दुसरीकडं कुठं मिळत नाही.

भंगारवाला काय सोडून जातो

बारकाईनं पाहिलं तर बहुतेक ड्रेस एकाच प्रकारच्या मालाचे असतात. चिप्स, बिस्किटं, कुरकुरे, शाम्पूच्या पुड्या, मसाल्याची पाकिटं. मुलांना ती चमकदार म्हणून आवडतात हे खरं, पण दुसरं कारण असं की तीच सापडतात. लोखंड, पत्रा, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या भंगारवाला घेऊन जातो. त्याला त्याचे पैसे मिळतात. युरियाचं पोतं तर आपल्याकडं कुणी टाकतच नाही. चार पोती उसवून शिवली की खळ्यावर अंथरायला तळवट होतं. पावसात भांगलायला जाणाऱ्या बायका त्याच पोत्याची खोळ करून डोक्यावर घेतात. (कचऱ्यातून कपडा म्हणायचं तर खरा नमुना तो. त्याला अजून कुणी रॅम्पवर बोलावलेलं नाही.)

चमकणाऱ्या पाकिटाचं मात्र कुणी काही देत नाही. त्यात प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते वेगळे करायला जेवढा खर्च येतो, तेवढी त्या मालाला किंमत नाही. वजनही नाही. पाच रुपयांचं पाकीट एक-दोन ग्रॅमच्या आसपास भरतं, घरी किराणा मोजायच्या काट्यावर दहा-वीस एकदम ठेवून बघा. तीनशे पाकिटांचा भरगच्च ड्रेस धरला तरी फार तर अर्ध्या किलोच्या आसपास. दहा स्पर्धक म्हणजे फार तर पाच-सहा किलो. एवढा माल वेचायला दहा घरं आठवडाभर राबतात, यावरूनच लक्षात येईल की दिवसभर फिरून पोट भरणारा माणूस त्याला हात का लावत नाही.

मग ते जातं कुठं? थोडं ओढ्यात. थोडं घंटागाडीतून गावाबाहेरच्या खड्ड्यात, तिथं संध्याकाळी काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळला तर पाच हजार रुपये आणि मोठ्या प्रमाणात जाळला तर पंचवीस हजार रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश २०१६ चा आहे. धूर मात्र रोज दिसतो. आणि बरंचसं जातं उकिरड्यावर. पूर्वी उकिरड्यात शेण, पाचट, राख पडायची. आता त्यात पुड्या आणि कॅरीबॅगा असतात. वैशाखात शेणखताची ट्रॉली रानात रिकामी केली की काळ्या ढेकळांमध्ये रंगीबेरंगी तुकडे चमकताना कुठल्याही शेतकऱ्यानं पाहिलेत. जनावरांच्या पोटातून प्लॅस्टिकचे गोळे निघतात, ते तर पशुवैद्यकीय डॉक्टर कधीपासून सांगताहेत.

रॅम्पवर जे कधीच येत नाही तेही नोंदवायला हवं. मल्चिंगचा फाटका कागद, ठिबकच्या कुजक्या नळ्या, औषधांचे डबे, डायपर, सॅनिटरी पॅड. ग्रामीण तालुक्यातला हाच सगळ्यात अवघड कचरा. त्याचा ड्रेस होत नाही, म्हणून त्याचं भाषणही होत नाही.

नवा कचरा विकत आणून

एक गोष्ट थोडी कडू आहे, पण सांगतो. शोच्या आदल्या आठवड्यात गावातल्या जनरल स्टोअरमध्ये चौकशी करा. कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे रोल, यूज अँड थ्रो ग्लास, चमचे, ग्लू गनच्या कांड्या जोरात खपतात. परीक्षक गुण देतात ते स्वच्छ आणि झकपक दिसण्याला, त्यामुळं वापरलेलं, चिकट, मातीत पडलेलं काही वेचण्यापेक्षा नवंकोरं आणणं सोपं पडतं. प्लॅस्टिकचे ग्लास, चमचे, थर्माकोलची सजावट यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. राज्याची बंदी तर मार्च २०१८ ची. तरी ते दुकानात मिळतात आणि पर्यावरणाच्या कार्यक्रमासाठी विकत घेतले जातात! मागचं फ्लेक्सही बघा. शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसीचे बॅनरही त्याच यादीत आहेत.

मुलांना यात दोष नाही. त्यांना जसं सांगितलं तसं त्यांनी केलं. 'फक्त वापरून टाकलेलंच चालेल, कुठून आणलं ते लिहून द्या' अशी एक अट घातली असती तर निम्मा प्रश्न मिटला असता.

कपड्याच्या पुनर्वापराची आपल्याला नव्यानं शिकवणी लावायची गरज नव्हती, हेही खरं. जुन्या लुगड्यांची गोधडी, धोतराची दुपटी, झबली, पायपुसणी. बोहारीण दारावर यायची, जुने कपडे घेऊन भांडं द्यायची आणि ते कपडे पुढं कुणाच्या तरी अंगावर जायचे. गाडगेबाबा चिंध्या जोडलेला अंगरखा घालून, हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले. आधी गाव झाडायचे, मग कीर्तन. राज्य सरकारनं २०००-०१ मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं ते त्यांच्याच नावानं. आता घराघरात पॉलिस्टरच्या साड्या झाल्या. त्यांची गोधडी होते, पण सुती लुगड्याची ऊब आणि मऊपणा तिला नाही, म्हणून म्हाताऱ्या बायका नाक मुरडतात. जुने कपडे हल्ली सरळ ओढ्याच्या काठावर दिसतात. फॅशन शोमध्ये कापडाचा पुनर्वापर सगळ्यात कमी आणि प्लॅस्टिकचा सगळ्यात जास्त, हे उलटंच झालं म्हणायचं.

प्लॅस्टिकपासून खरोखर टिकाऊ वस्तू होतच नाहीत असं नाही. पुण्याच्या 'रीचरखा'नं टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या चरख्यावर आणि मागावर चढवून पिशव्या विणून दाखवल्या. मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी रस्त्याच्या डांबरात प्लॅस्टिक मिसळायची पद्धत काढली, त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. माल वर्गवारी केलेला, स्वच्छ, कोरडा आणि सतत मिळावा लागतो. एक दिवस टाळ्या वाजवून तो मिळत नाही.

पैसा आहे, विचारणारा नाही

आता मुद्द्याचं. स्वच्छ भारत मिशनच्या (ग्रामीण) दुसऱ्या टप्प्यात प्रत्येक तालुक्याला प्लॅस्टिक कचरा व्यवस्थापन केंद्रासाठी सोळा लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. गावाच्या घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकवस्तीला माणशी ६० रुपये आणि त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५ रुपये. म्हणजे तीन हजार वस्तीच्या गावाला एक लाख ऐंशी हजार. हे पैसे एकदाच मिळतात, शेड, खड्डे, गाडी यांच्यासाठी. त्यात ३० टक्क्यांपर्यंत वाटा ग्रामपंचायतीनं वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीला आलेल्या निधीतले ६० टक्के बंधित होते, त्यातले निम्मे स्वच्छतेसाठी आणि निम्मे पाण्यासाठी.

म्हणजे शेड बांधायला पैसा होता. अडतं ते रोजच्या खर्चाला. घंटागाडीचं डिझेल, चालकाचा पगार, वेगळा केलेला माल तालुक्याच्या केंद्रावर पोचवायचं भाडं. हलका माल भरला की गाडी दिसायला भरते, पण वजन काहीच नसतं, त्यामुळं भाडं अंगावर येतं. गठ्ठे बांधायचं यंत्र आणून ठेवलं, पण त्यात घालायला वेगळा केलेला कचराच येत नाही. मग केंद्राच्या शेडला कुलूप. तुमच्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, ते चालू आहे का, माहीत आहे का? मला भेटलेल्या बहुतेकांना ते कुठं आहे हेसुद्धा सांगता आलं नाही.

हा खर्च एकट्या ग्रामपंचायतीनं सोसायचा, असं कायदाही म्हणत नाही. फेब्रुवारी २०२२ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार उत्पादक आणि ब्रँडवाल्या कंपन्यांवर आपल्या वेष्टनाच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे. २०२३-२४ पासून ती शंभर टक्के आहे, आणि थरांच्या पाकिटांचा त्यात वेगळा वर्ग आहे. व्यवहारात कंपनी प्रक्रिया करणाऱ्याकडून प्रमाणपत्र घेते आणि आकडा जुळतो. पाकीट आपल्या वाडीतल्या ओढ्यात पडलंय की नाही, हे त्या प्रमाणपत्राला कळत नाही. त्यातही बनावट प्रमाणपत्रं निघाल्याचं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीतच उघड झालं होतं.

इथं मुलांचे ड्रेस कामाला येतात. ड्रेस करताना प्रत्येक मुलानं कुठल्या मालाची किती पाकिटं, कुठल्या ठिकाणी, किती दिवसांत मिळाली, एवढं एका कागदावर लिहायचं. दहा शाळांचे कागद एकत्र केले तर तालुक्याच्या कचऱ्याचा असा तक्ता होईल जो आज पंचायत समितीकडंही नसेल. तो गटविकास अधिकाऱ्यांना द्यायचा, प्रदूषण नियंत्रण मंडळाला पाठवायचा. गुटख्याच्या पुड्यांचा आकडा अन्न व औषध प्रशासनाला. विज्ञानाच्या सरांना याहून चांगला प्रकल्प मिळणार नाही.

काही शिक्षक म्हणतील, पोरांच्या हौसेच्या कार्यक्रमात हे कशाला? बरोबर आहे, हौस असू द्या. ज्या मुलीला एरवी स्टेजवर जायला कुणी देत नाही ती ताठ मानेनं चालते, आई खाली बसून बघते, हे काही कमी नाही. पण त्याच मुलीला आपण केलेल्या कामाचं पुढं काय झालं हे समजायला नको का? शो संपल्यावर मी सभागृहाच्या मागच्या बाजूला गेलो होतो. ड्रेस उतरवून ढीग केलेला होता, गुटख्याचाही त्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडायला येणाऱ्या मावशींनी तो उचलायचा होता. त्या मावशींना शोचं आमंत्रण नव्हतं. पुण्यात कागद-काच-पत्रा वेचणाऱ्यांची १९९३ पासून संघटना आहे आणि त्यांचं कचऱ्याचं ज्ञान महापालिकेला कामाला आलं. आपल्याकडं निदान परीक्षकाच्या एका खुर्चीवर अशा एखाद्या मावशींना बसवायला हरकत नसावी. कुठला ड्रेस खरोखर कचऱ्याचा आणि कुठला दुकानातून आणलेला, हे त्या लांबूनच सांगतील.

दोन ऑक्टोबरला फॅशन शो असतो आणि त्याच दिवशी ग्रामसभाही असते. शोला मंडप भरतो. ग्रामसभेला मात्र कोरम पुरा करायला शिपाई घरोघर फिरवावा लागतो. या वेळी शोला येणाऱ्यांपैकी पाच-दहा जण ग्रामसभेत बसले तरी चालेल. तीन प्रश्न लेखी द्यावेत: घनकचऱ्याच्या निधीतून किती पैसे आले आणि कशावर खर्च झाले, वेगळं केलेलं प्लॅस्टिक शेवटचं तालुक्याच्या केंद्रावर कधी गेलं, आणि त्या दिवशी किती किलो भरलं. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यायचं आणि त्याची प्रत मागायची. प्रत मिळाली की आमच्याकडं पाठवा, गावाच्या नावासह छापू.