हवा भरण्याची हौस

सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजी उतरवणाऱ्या जुन्या डिझेल बोलेरो पिकअपला तेल लावलेल्या सुती जाळीचा, म्हणजे धुऊन पुन्हा वापरता येणारा, हवेचा फिल्टर बसवण्याची हौस ही निव्वळ खोगीरभरती होय; कारण डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः इंधनाच्या मापाने ठरते, टर्बोचार्जर, म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या वायूच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणारा पंखा, लागेल तेवढी हवा ओढतोच, आणि नागपुरी उन्हाळ्यातली बारीक धूळ सैल विणीतून शिरली, की त्याच पंख्याची पाती नि सिलिंडरच्या भिंती झिजवते. वाढतो तो आवाज, आणि पुष्कळांना हवा असतो तोही तोच. घड्यांच्या कागदाचा मूळ फिल्टर नवा घालावा, रबरी नळीची क्लिप आवळावी, आणि फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीत बोट फिरवून धूळ लागते का, ते पाहावे.