विश्लेषण : क्रोम प्लेटिंगची जागा लेझर घेणार का? युरोपच्या प्रस्तावाचा अर्थ काय?

जेसीबीचा हात वर-खाली करणारा चकचकीत दांडा तुम्ही पाहिलाच असेल. पाऊस, चिखल, धूळ खाऊनही तो सहसा गंजत नाही, कारण त्यावर हार्ड क्रोमचा थर असतो. पण हा थर चढवण्याच्या पद्धतीवरच आता संक्रांत आली आहे.

नेमकं झालं काय?

एप्रिल २०२५ मध्ये युरोपियन केमिकल्स एजन्सीने हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर निर्बंधांचा प्रस्ताव मांडला. ठरावीक वापर वगळता बंदी आणि वगळलेल्या वापरांवरही उत्सर्जनाची मर्यादा, असं त्याचं स्वरूप आहे.

अडचण काय आहे?

तयार झालेला क्रोमचा थर धोकादायक नसतो. धोका असतो तो प्लेटिंगच्या टाकीत. तिथून उडणारे बारीक तुषार श्वासावाटे कामगाराच्या फुफ्फुसात जातात. हे रसायन कर्करोगकारक आहे, हे सिद्ध झालेलं आहे. सांडपाणी नीट प्रक्रिया न करता सोडलं तर जमीन आणि विहिरीही बाधित होतात.

लेझर काय करतो?

लेझर क्लॅडिंगमध्ये गंजरोधक मिश्रधातूची पावडर वितळवून पृष्ठभागावर चढवतात. थर मूळ धातूशी एकजीव होतो, त्यामुळे तो सहज सुटत नाही. पूर्वी हे काम फार संथ होतं. जर्मनीतल्या आखेनच्या फ्राउनहोफर संस्थेने पावडर पृष्ठभागावर पोहोचण्याआधीच वितळेल अशी 'एहला' पद्धत विकसित केली. त्यामुळे वेग प्रचंड वाढला आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ थर देता येऊ लागला.

दुसरी पद्धत आहे वरचा पापुद्राच वितळवून झटकन थंड करण्याची. वेल्डिंगच्या उष्णतेने स्टेनलेस स्टीलमधलं क्रोमियम कणांच्या सीमांवर कार्बनशी जोडलं जातं. शेजारच्या भागात ते कमी पडतं आणि तिथून गंज शिरतो. लेझरने हे क्रोमियम पुन्हा विरघळून सगळीकडे पसरतं. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने ३०४ स्टेनलेस स्टीलवर असं संशोधन केलं आहे.

मग सगळीकडे लेझरच का नाही?

कारण मशीन महाग आहे आणि लेझरचा झोत सरळ रेषेत जातो. गोल, लांब दांड्यांसाठी तो उत्तम, पण अरुंद भोकांत आणि आडवळणाच्या कोपऱ्यांत पोहोचत नाही. टाकीत मात्र एकाच वेळी अनेक नग बुडवता येतात. शिवाय सेटिंग चुकलं तर थराला तडे जातात आणि गंज उलट वाढतो. स्टीलच्या शस्त्रक्रियेच्या उपकरणांवर लेझरने कोरलेल्या नंबरांपाशीच कधी कधी गंज दिसतो, तो यामुळेच.

आपल्याला काय फरक पडतो?

युरोपचा नियम पिंपरी-चिंचवडच्या प्लेटिंग शॉपला थेट लागू होणार नाही. पण एक धोका आहे. तिकडचं काम बंद झालं तर ते स्वस्त प्लेटिंग शोधत आपल्याकडे येऊ शकतं. म्हणजे ऑर्डर येईल, पण सोबत तुषार आणि सांडपाणीही येईल.

छोट्या शॉपला लेझर मशीन परवडेपर्यंत वेळ लागेल. टाकीवरचा एक्झॉस्ट, मास्क, हातमोजे आणि सांडपाणी प्रक्रिया यांसाठी मात्र लेझरची वाट पाहायची गरज नाही.