एकच स्पर्धा, दोन काटे : दोहातल्या 'त्या' गोलाचा हिशेब

कुक्षी (जि. धार) : ११ जून २०२४ ची रात्र. दोहाच्या जासिम बिन हमद मैदानावर भारत कतारविरुद्ध १-० ने पुढे होता. लालियानझुआला छांगतेने ३७ व्या मिनिटाला गोल केला होता. ही आघाडी टिकली असती तर भारत विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत प्रथमच पोहोचला असता.

७३ व्या मिनिटाला कतारच्या युसेफ आयमेनचा हेडर गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधूने अडवला. चेंडू त्याच्याजवळून घरंगळत गोलच्या बाजूच्या रेषेबाहेर गेला. भारतीय खेळाडू थांबले, आता कॉर्नर मिळणार म्हणून. तेवढ्यात हाशमी हुसेनने पायाने चेंडू आत ओढला आणि आयमेनने तो जाळ्यात ढकलला. दक्षिण कोरियाचे पंच किम वू-सुंग यांनी गोल दिला. भारतीय खेळाडूंनी घेराव घातला, पण निर्णय बदलला नाही. ८५ व्या मिनिटाला अहमद अल-रावीने दुसरा गोल केला आणि भारत २-१ ने हरला. गटातून कतारसोबत कुवेत पुढे गेला.

या घटनेला बराच काळ लोटला, तरी आशियातल्या पंचगिरीचा विषय निघाला की हाच गोल आठवतो. राग समजण्यासारखा आहे. पण 'पंच विकला गेला' एवढं म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. तसा कुठलाही पुरावा समोर आलेला नाही. खरी गोम व्यवस्थेत आहे.

यंत्र होतं, पण त्या फेरीत नव्हतं

क्रिकेटमध्ये जसं डीआरएस, तसं फुटबॉलमध्ये व्हीएआर. मैदानाबाहेर बसलेले पंच पडद्यावर दृश्य पाहून मैदानावरच्या पंचाला सावध करतात. तेही, २०२४ च्या नियमांनुसार, चारच बाबतींत : गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. गोल होण्याआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता का, हे त्यात तपासता येतं. म्हणजे दोहातला गोल व्हीएआर असता तर काही सेकंदांत रद्द झाला असता.

मग ते का नव्हतं? कतारकडे पैसा नव्हता की कॅमेरे? जेमतेम पाच महिने आधी, जानेवारी २०२४ मध्ये, कतारमध्येच आशिया चषक झाला. त्यात सर्व ५१ सामन्यांना व्हीएआर होतं आणि जासिम बिन हमद हे त्या स्पर्धेच्या मैदानांपैकी एक होतं. जानेवारीत ज्या मैदानावर यंत्र चालत होतं, त्याच मैदानावर जूनमध्ये पंच दोन डोळ्यांवर सोडला गेला.

कारण फेरीचं होतं. पात्रतेच्या दुसऱ्या फेरीत व्हीएआर ठेवलेलंच नव्हतं, ते तिसऱ्या फेरीपासून होतं. दुसऱ्या फेरीत ३६ संघ, चार-चारचे ९ गट, म्हणजे १०८ सामन्यांचं वेळापत्रक. तिसऱ्या फेरीत १८ संघ आणि ९० सामने. आशियाई महासंघाची अडचण अगदी खोटी नाही. ३६ देशांतली सगळी मैदानं, कॅमेरे आणि प्रशिक्षित व्हिडिओ पंच एका तोलाचे नसतात. कतारच्या मैदानावर यंत्र आणि दुसऱ्या एखाद्या देशात नाही, असं केलं तर तोही अन्यायच.

पण याचा परिणाम बघा. कुक्षीच्या मंडीत कापूस आणणाऱ्या शेतकऱ्याला काट्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. मोठ्या व्यापाऱ्याचा माल इलेक्ट्रॉनिक काट्यावर आणि लहान शेतकऱ्याचा माल जुन्या तराजूवर मोजला, तर भाव कितीही चांगला असो, भरवसा उरत नाही. आशियात नेमकं हेच होतंय. जपान, कोरिया, इराणसारखे संघ तिसऱ्या फेरीत जातातच, तिथे त्यांना चांगला काटा मिळतो. भारत, कुवेत, अफगाणिस्तान यांचं सगळं भवितव्य दुसऱ्या फेरीत ठरतं, तिथे जुना तराजू. एका चुकीने ज्याचं सगळं जातं, त्यालाच संरक्षण सर्वांत कमी.

तक्रार केली, पुढे काय?

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे अध्यक्ष कल्याण चौबे यांनी फिफा, आशियाई महासंघाचे पंचप्रमुख आणि सामना आयुक्त यांच्याकडे तक्रार पाठवून चौकशीची मागणी केली. निकाल मात्र तसाच राहिला.

इथे नियमातला एक बारकावा आहे. फुटबॉलच्या पाचव्या नियमानुसार खेळातल्या घटनांबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो. गोल झाला की नाही, हेही त्यातच येतं. पंचाने नियमच चुकीचा लावला तर गोष्ट वेगळी. ३ सप्टेंबर २००५ चा उझबेकिस्तान-बहारीन सामना याचं उदाहरण आहे. उझबेकिस्तानने पेनल्टीवर गोल केला, पण त्यांचाच खेळाडू आधी पेनल्टी क्षेत्रात घुसला होता. अशा वेळी पेनल्टी पुन्हा घ्यायची असते. जपानी पंचाने बहारीनला फ्री किक देऊन टाकली. उझबेकिस्तान १-० ने जिंकला होता, तरी फिफाने अख्खा सामना पुन्हा खेळवला. तो १-१ सुटला आणि पुढे बाहेरच्या मैदानावरच्या गोलमुळे बहारीन सरस ठरलं.

म्हणजे नियमाचं पुस्तक चुकलं तर दाद आहे, डोळे चुकले तर नाही. सगळं जग पडद्यावर चेंडू बाहेर गेलेला पाहतं आणि कागदावर तो आतच राहतो. म्हणूनच ही चूक मैदानावर, त्याच क्षणी पकडणं गरजेचं आहे. नंतरची पत्रापत्री निरुपयोगी.

यंत्र आलं म्हणजे सगळं मिटलं असंही नाही

१० ऑक्टोबर २०२४ ला तिसऱ्या फेरीत बहारीन-इंडोनेशिया सामन्यात व्हीएआर होतं. इंडोनेशिया २-१ ने पुढे असताना किमान ६ मिनिटांचा जादा वेळ दाखवला गेला आणि बहारीनचा बरोबरीचा गोल आला नवव्या मिनिटाला. पंच ओमानचे होते. किती वेळ वाढवायचा हे यंत्र सांगत नाही, ते पंचाच्या हातात असतं. इंडोनेशियात संतापाची लाट उसळली.

पुढे चौथ्या फेरीचे सामने कतार आणि सौदी अरेबियात ठेवले गेले, आणि तिथून थेट पात्र ठरले तेही कतार आणि सौदीच. ८ ऑक्टोबर २०२५ च्या सौदी-इंडोनेशिया सामन्यासाठी कुवेतचा पंच नेमल्यावर इंडोनेशियाने आधीच हरकत घेतली होती, ती मानली गेली नाही. सामना सौदीने ३-२ ने जिंकला. त्यात इंडोनेशियाला दोन पेनल्टीही मिळाल्या, म्हणजे पंचाने त्यांच्यावर डूख धरला असं म्हणता येणार नाही. पण पंचाने प्रामाणिक असणं पुरेसं नसतं, नेमणूकही शंकेपलीकडची दिसावी लागते. हिशेब तपासणारा माणूस दुकानदाराचा शेजारी नसावा, ही साधी गोष्ट आहे.

आपल्या अंगणातही डोकावलं पाहिजे

दोहाचा गोल अन्यायकारक होता, पण सगळं खापर त्यावर फोडता येत नाही. त्या रात्री कुवेत जिंकला, त्यामुळे सामना १-१ सुटला असता तरी भारत बाहेरच होता. त्याआधी मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तानकडून १-२ अशी हार आणि ६ जूनला कोलकात्यात कुवेतशी गोलशून्य बरोबरी, हे गुण पंचाने हिरावले नव्हते. तिसरी फेरी गाठली असती तर २०२७ च्या आशिया चषकाचं तिकीटही मिळालं असतं. ते हुकल्यावर पुन्हा पात्रता खेळावी लागली आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावात सिंगापूरकडून १-२ ने हरून तीही वाट बंद झाली.

पंचगिरीतही आपलं घर नीट नाही. ३ मार्च २०२३ ला बेंगळुरू-केरला ब्लास्टर्स सामन्यात सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवरून केरळचा संघ मैदान सोडून गेला. क्लबला ४ कोटींचा दंड आणि प्रशिक्षकाला १० सामन्यांची बंदी झाली. त्यानंतरही आयएसएलचे हंगाम व्हीएआरविनाच खेळले गेले. आशियाकडे जे मागायचं, ते आपल्या देशात न करता मागितलं तर आवाजात जोर कुठून येणार? क्रिकेटमध्येही भारताने डीआरएस बरीच वर्षं नाकारलं आणि २०१६ च्या इंग्लंड मालिकेपासून स्वीकारलं. आज ते नसलेला सामना कल्पनेतही येत नाही.

परवडणारा मार्ग आहे

पूर्ण व्हीएआर महाग आहे हे खरं. पण फिफाने २०२४ मध्ये मुलींच्या विश्वचषकांत 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट' ही सोपी पद्धत वापरून पाहिली. वेगळे व्हिडिओ पंच लागत नाहीत, कॅमेरे थोडे चालतात. प्रशिक्षक दोनदा दाद मागू शकतो आणि मैदानावरचा पंच स्वतः पडदा पाहून ठरवतो. दुसऱ्या फेरीला हीच पद्धत शोभेल. दोहाचा गोल पकडायला गोलजवळचा एक कॅमेराही पुरे होता.

दुसरी गोष्ट माणसांची. विश्वचषकात भारताचे के. शंकर हे २००२ मध्ये सहायक पंच होते. त्यानंतर पुरुषांच्या विश्वचषकात भारतीय पंच दिसला नाही. गोव्याचे तेजस नागवेंकर, ऊव्हेना फर्नांडिस यांनी फिफाच्या यादीपर्यंत मजल मारली, म्हणजे आपल्याकडे माणसं आहेत. कोल्हापुरात तालमींच्या सामन्यांना शाहू स्टेडियम भरतं, मध्य प्रदेशात शहडोलचं विचारपूर 'मिनी ब्राझील' म्हणून ओळखलं जातं. अशा ठिकाणी खेळाडू घडवण्याचं बोललं जातं, पंच घडवण्याचं कोणी बोलत नाही. शिट्टी वाजवणाऱ्याला मानधन, प्रशिक्षण आणि संरक्षण मिळालं नाही तर चांगला मुलगा त्या वाटेला जाणारच नाही.

पात्रतेचं पुढचं चक्र येईल, तेव्हा भारत पुन्हा खालच्या फेरीतूनच सुरुवात करेल. गटाची सोडत निघण्याआधीच महासंघाने लहान देशांना सोबत घेऊन एक मागणी लावून धरावी : पहिल्या फेरीपासून शेवटच्या फेरीपर्यंत काटा एकच हवा. सामना हरल्यावर पाठवलेल्या दहा पत्रांपेक्षा आधी केलेली ही एक मागणी जास्त कामाची ठरेल.